काठावरून पाण्यात

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी, मळ्यात एक विहीर आहे. मे महिना लागला की गावातली झाडून सारी पोरे तिच्यात पडलेली असत. दादाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी त्याला वरून ढकलून दिले, आणि आठवड्याभरात तो भोपळ्यावाचून तरंगू लागला. आम्ही मुली काठावर. भावांचे कपडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून मांडीवर धरून बसायचे, हेच आमचे पोहणे! ज्या भगिनींचे बालपण खेड्यात गेले असेल त्यांना हे निराळे सांगायला नको.

पुढे मी एम. ए. झाले, संसाराला लागले, महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून भुवया उंचावल्या. "बाई, गोळ्या सुरू करायच्या की अंग हलवायचे, ते तुम्हीच ठरवा." मी अंग हलवायचे ठरवले, आणि नगरपालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या वेळेला जाऊ लागले. पहिला महिना नुसते पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडण्यात गेला. माझ्याशेजारी सहा वर्षांची एक चिमुरडी तेच शिकत होती. ती आठ दिवसांत पुढच्या वर्गात गेली.

दोन वर्षांनी तिथल्याच एका मैत्रिणीने ट्रायथलॉनचे खूळ डोक्यात घातले. भाषेची मास्तरीण असल्यामुळे मी आधी शब्द चाचपून पाहिला. 'ट्राय' म्हणजे तीन आणि 'ॲथलॉन' हा ग्रीकांचा बक्षिसाचा शब्द. शब्द दिसायला प्राचीन, पण खेळ अगदी अलीकडचा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बेवर काही हौशी धावपटूंनी पळणे, सायकल आणि पोहणे एकत्र गुंफून शर्यत लावली. तिला ४६ जण उतरले. १९७८ साली हवाईमध्ये याचाच भीमकाय अवतार निघाला. त्या वर्षी आरंभरेषेवर १५ पुरुष होते, बाई एकही नव्हती. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेर नावाची एक बाई उतरली आणि शर्यत पुरी करून दाखवली. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेव्हा आधी शर्यत झाली ती बायकांची. स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमाहनने ती अवघ्या दोन सेकंदांनी जिंकली.

आमच्यासारख्यांसाठी लहान पल्ला असतो : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणे, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागेल तो वेळही घड्याळात धरतात. मी नाव नोंदवले आणि घरी चार दिवस कोणालाच सांगितले नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र बातमी फुटलीच. "या वयात?" हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, इतकेच.

स्पर्धा एका तलावावर होती. पहाटे गावाहून दादा मुद्दाम आला. चष्मा, साडी, चपला एका पिशवीत कोंबून मी ती त्याच्या हाती दिली आणि गुडघ्यापर्यंतच्या पोहण्याच्या पोशाखात, डोक्यावर गुलाबी टोपी घालून, तरण्या मुलींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. लाज वाटायलाही सवड नव्हती, शिट्टी झाली.

तरणतलावात तळाला फरशी दिसते, काळा पट्टा दिसतो. इथे डोके पाण्यात घातले तर नुसता हिरवट अंधार! दर पाच-सहा हात मारले की मान वर काढून पुढचा नारिंगी बोया पाहायचा, नाहीतर माणूस भलत्याच दिशेला जातो. पहिला बोया मागे पडला आणि मनात एकाएकी आले, खाली किती खोल असेल? झाले! छाती भरून आली, श्वास पुरेना. गावची ती विहीर, तिची काळी कड आणि काठावरची मी, सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले. मी हात वर केला. होडीतला रक्षक मुलगा वल्हे मारत आला.

"मावशी, होडी धरा. धरून थांबायला नियमाची आडकाठी नाही. फक्त होडीच्या आधाराने पुढं सरकायचं नाही."

"बाहेर काढशील?"

"काढीन की! पण आधी दहा श्वास घ्या."

मी दहा मोजले; मग आणखी दहा. काठ दोन्हीकडे सारखाच लांब होता. मागे जाण्यात तरी काय शहाणपण, असे म्हणून मी होडी सोडली. भीती गेली नव्हती. ती बरोबर आली, एवढेच!

सत्तावीस मिनिटांनी पायाला चिखल लागला. पुढे धांदल! हेल्मेटचा पट्टा लावल्यावाचून सायकलला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. मी घाईत हात लावला; पंचांनी सायकल जागेवर ठेवायला लावली. सायकलीवर बासष्ट मिनिटे गेली. उतरून पळू लागले तर पाय माझे नव्हतेच. तासभर बसून चकरा मारणाऱ्या पायांना एकदम पळायचे कळत नाही. म्हणून जाणकार या दोहोंचा सराव लागोपाठ करवून घेतात. मी तो आळसाने टाळला होता, त्याचे फळ त्रेचाळीस मिनिटे भोगले. अदलाबदलीची सात मिनिटे धरून एकूण दोन तास एकोणीस मिनिटे झाली. आमच्या गटात एकोणीस बायका होत्या. माझा नंबर एकोणिसावा!

नंतर वाचले, की अमेरिकेत १९९० साली सुरू झालेल्या, केवळ बायकांच्या अशाच एका शर्यतमालेत सॅली एडवर्ड्स ही मातबर खेळाडू मुद्दाम सर्वांच्या मागून येत असे. का, तर दुसऱ्या कोणा बाईवर शेवटचे येण्याची पाळी येऊ नये! माझ्यामागे कोणी सॅली नव्हती. पण खरे सांगते, शेवटच्या रेषेवर त्याचे काहीच वाटले नाही. मधल्या बोयाशी जी शर्यत झाली होती, तीत मी एकटीच होते.

संध्याकाळी दादाबरोबर गावी गेले. आई ऐंशीची आहे. त्या विहिरीचे पाणी तिने आयुष्यभर शेंदले; पण तिच्यात पाय बुडवला नाही. मी तिला सगळे सांगितले. अंतरे, मिनिटे यांतले तिला काही कळले नसावे. शेवटी तिने एकच विचारले,

"मग तुझी कापडं कुनी धरली गं?"

मी दाराकडे पाहिले. पिशवी अजून दादाच्याच हातात होती.