हायड्रोजनाची ज्योत आणि शेगडीचे तोंड

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजीपाल्याचे ट्रक रिकामे होत असतात तेव्हा गाळ्यांच्या कडेला चहाच्या शेगड्या पेटलेल्या असतात; आणि उकळी आल्यावर चहावाला कॉक झटकन बारीक करतो त्या क्षणी क्वचित ‘फट्’ असा आवाज होऊन भोकांवरची निळी ज्योत नाहीशी होते व बर्नरच्या नळीत, थेट निपलच्या तोंडाशी, घरघरत जळू लागते. ज्योत मागे शिरण्याचा हा प्रकार सिलिंडरच्या वायूत प्रासंगिक असला तरी हायड्रोजनबहुल वायूच्या बाबतीत तो बर्नरच्या साऱ्या रचनेचा मूळ प्रश्न होऊन बसतो.

भोकातून वायू आणि हवा यांचे मिश्रण बाहेर येत असते आणि ज्योत त्याच्या उलट दिशेने आत चालून जात असते. या दोन वेगांचा जिथे मेळ बसतो तिथे ती स्थिरावते. मिथेनच्या ज्योतीचा वेग सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर, तर हायड्रोजनाचा अनुकूल मिश्रणात सुमारे 3 मीटर. मात्र खरी चढाई मधल्या प्रवाहातून होत नाही. भोकाच्या कडेला प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो, आणि तिथे ज्योतीला अडवते ती केवळ उष्णता शोषून घेणारी धातूची भिंत. मिथेनची ज्योत सुमारे 2 मिलिमीटरच्या फटीत विझते; हायड्रोजनाची मात्र 0.6 मिलिमीटरपर्यंत तग धरते आणि भिंतीला चिकटून आत सरकते. ल्युइस आणि फॉन एल्बे यांनी 1943 साली ही मर्यादा भिंतीलगतच्या वेगवाढीच्या मापाने मांडली. ते माप मिथेनसाठी काही शेकड्यांत, तर हायड्रोजनासाठी दहा हजारांच्या घरात जाते.

दोन प्रतींचा गहू एकत्र केला की त्याचा भाव बहुधा दोहोंच्या मध्ये ठरतो. वायूंचा हिशेब असा नाही. मिथेनमध्ये घनफळाने निम्मा हायड्रोजन मिसळला तरी ज्योतीचा वेग दुपटीच्या आतच राहतो, आणि त्यापुढे, विशेषतः 70-80 टक्क्यांनंतर, तो एकाएकी उसळतो. कार्बन मोनॉक्साइड कोरडा असता मंद जळतो, पण किंचित हायड्रोजनाने चेततो; नायट्रोजन आणि त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड ज्योतीला लगाम घालतात. म्हणून केवळ उष्मांक पाहून वायू पारखणे मला धोक्याचे वाटते: 20 टक्के हायड्रोजन उष्णतेचा जेमतेम 7 टक्के वाटा उचलतो, परंतु ज्योतीच्या स्वभावावर त्याचा अंमल त्याहून कितीतरी अधिक चालतो.

मुंबईला असा वायू नवा नव्हता. 1865 च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर जे दिवे लागले त्यांना बॉम्बे गॅस कंपनीचा दगडी कोळशाचा वायू पुरवला जाई, आणि अशा वायूत साधारण निम्मा हायड्रोजन असतो. तरीही ते दिवे आतून पेटत नसत, कारण त्या काळच्या उघड्या तोटीत हवा आधी मिसळलेलीच नसे. वायू तोंडाशी आल्यावरच त्याला हवा मिळे. हवा अगोदर मिसळणारा बुन्सेनचा बर्नर 1855 च्या सुमारास प्रचारात आला, आणि त्याच्याबरोबर स्वच्छ निळी ज्योत आली तशीच मागे शिरणारी ज्योतही आली. पुढे ब्रिटनने 1967 ते 1977 या दशकात कोळशाचा वायू सोडून नैसर्गिक वायू स्वीकारला तेव्हा घरोघरच्या बर्नरांत फेरफार करावे लागले, कारण मंद मिथेन जुन्या बर्नरांवर तोंडापासून सुटून वर उडू लागे.

आज तोच प्रवास उलट दिशेने सुरू आहे. सुरतजवळील कवास येथे एनटीपीसीच्या वसाहतीत 2023 च्या जानेवारीत घरगुती वायूत हायड्रोजन मिसळण्यास आरंभ झाला. मार्केट यार्डातल्या सडक्या भाजीपाल्यासारख्या मालापासून होणारा बायोगॅस नेमका दुसऱ्या टोकाचा: त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, म्हणून ज्योत सुस्त, आणि भीती ती उडून जाण्याची. हायड्रोजनाचे प्रमाण थोडे असेल तर आजच्या शेगड्या बहुधा निभावतील. पण निम्म्याच्या पुढे जायचे असेल तर भोके मिलिमीटरहून बारीक करणे, प्रवाह वेगवान राखणे किंवा हवा तोंडाशीच मिसळणे, यांपैकी काही तजवीज आधी करावीच लागेल. शिवाय कसोटी भर आचेवर घेऊन भागणार नाही. बर्नर तापलेला असताना कॉक एकदम बारीक करून ती घेतली पाहिजे, कारण तापलेल्या मिश्रणात ज्योत अधिक वेगाने धावते आणि बाहेर येणारा प्रवाह त्याच क्षणी मंदावलेला असतो.