नवजात बालकांची श्रवणपरीक्षा आणि भाषेचा आरंभ

जन्मतः बहिरे असलेले मूल रडते, पाळण्यावर वाकलेला चेहरा पाहून हसते, दार आपटले की जमिनीच्या कंपाने दचकतेही. आणि दोन-तीन महिन्यांचे झाले की इतर मुलांप्रमाणेच हुंकारही देते. बहिरेपणा डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या सहामाहीत कानांनाही ऐकू येत नाही. ऐकणारी मुले दहाव्या महिन्याच्या आत 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरबद्ध बडबड करू लागतात. बहिऱ्या मुलांत हा टप्पा त्यानंतर, पुष्कळदा फारच उशिरा, येतो, हे ओलर व आयलर्स या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखविले. तोवर शंका आलीच तरी 'याचा बापही उशिराच बोलला' हे वडीलधाऱ्यांचे आश्वासन तयार असते. मराठीत रूढ झालेल्या 'मूकबधिर' या समासात परिणाम आधी व कारण मागून आले आहे. समाजाच्या अनुभवाचा क्रमही तोच होता: मूल बोलत नाही हे प्रथम कळावयाचे, आणि ते ऐकत नाही हे नंतर.

हा विलंब भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने केवळ वैद्यकाचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांतच कान कार्य करू लागतो, आणि जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत बालक आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजांहून अधिक पसंत करते, हे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये सिद्ध केले. वर्कर व टीस यांच्या १९८४ मधील प्रयोगाशी तर मराठी भाषकाचे जवळचे नाते आहे. त्यांनी हिंदीतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' हा भेद इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांपुढे ठेवला. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना कळला. मराठीतही स्वनिमात्मक असलेला हा भेद, तो ऐकण्यात न आल्यामुळे, वर्षाच्या आत मावळू लागतो. म्हणजे पहिल्या वर्षात मूल बोलत नसले तरी स्वभाषेची वर्णव्यवस्था बांधीत असते. ज्याच्यापर्यंत ध्वनीच पोचत नाही त्याच्या बाबतीत एखादा भेद नव्हे, तर सारी व्यवस्थाच बांधावयाची राहून जाते.

बालकाचे श्रवण लवकर पारखण्याचा प्रयत्न जुना आहे. मँचेस्टरच्या युइंग दांपत्याने १९४४ मध्ये मांडलेल्या परीक्षेत सात-आठ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर बसवीत. एक परीक्षक समोरून त्याचे लक्ष वेधून घेई व दुसरा मागून, बाजूला राहून, खुळखुळा किंवा कागदाची सळसळ ऐकवी. मूल वळले की ते ऐकते असे मानावयाचे. इंग्लंडमध्ये ही रीत कित्येक दशके चालली. तिचा दोष असा की, बहिरी मुले नजरेने तीक्ष्ण असतात. मागील माणसाची सावलीही त्यांना पुरे होते. शिवाय मान वळविण्याइतके वय होईपर्यंत थांबणे भाग होते. अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाउन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात नवजात बालकांना मोठा आवाज ऐकवून त्यांची हालचाल टिपण्याचा प्रयोग केला; परंतु झोपलेले बालक आवाजाने हलले की आपोआप, हे पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून राहिले. १९६९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने या रीतीची सरसकट शिफारस केली नाही, हे योग्यच झाले.

मार्ग निघाला तो अगदी वेगळ्या दिशेने. थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, आंतरकर्णातील शंखाकृती नलिका ध्वनी केवळ झेलीत नाही, तर स्वतः शक्ती खर्चून त्याला जोर देते. आणि तसे असेल तर कानातून आवाज बाहेरही यावयास हवा. हे मत त्या काळी मानले गेले नाही व गोल्ड खगोलशास्त्राकडे वळले. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडन येथे डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून 'टिक्' असा क्षणिक ध्वनी सोडला. काही सहस्रांश सेकंदांनंतर कानातून त्याचा क्षीण प्रतिसाद परत आला. तो भिंतीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीसारखा नव्हता. आंतरकर्णातील बाह्य केशपेशींच्या हालचालीतून तो उपजला होता. या पेशी निकामी असतील तर प्रतिसाद येत नाही. बालक झोपेत असता, त्याच्या सहकार्यावाचून, काही मिनिटांत ही तपासणी होते.

दुसरी रीत विद्युत्प्रतिसादाची. ज्युएट व विलिस्टन यांनी १९७१ मध्ये वर्णिल्याप्रमाणे, ध्वनी ऐकविल्यानंतर पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांत श्रवणतंतू व मस्तिष्कस्तंभ यांतून उठणाऱ्या तरंगमाला डोक्यावरील त्वचेला चिकटविलेल्या पट्ट्यांद्वारे टिपता येतात. या दोन रीती एकमेकींना पर्याय आहेत असे पुष्कळदा समजले जाते, पण ते पुरते खरे नाही. पहिली आंतरकर्णाची साक्ष देते, दुसरी त्यापुढील वाटेची. केशपेशी शाबूत असून तंतूंतील संदेश विस्कळीत होतो अशा विकाराला १९९६ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. अपुऱ्या दिवसांच्या व तीव्र कावीळ झालेल्या बालकांत तो विशेषकरून आढळतो. अशी बालके पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि तरीही त्यांना बोलणे उमगत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकाची दुसरीच परीक्षा घ्यावी लागते.

येथे 'परीक्षा' हा शब्दही जपून घ्यावयास हवा. ही चाळणी आहे, निदान नव्हे. कायमचा श्रवणदोष दर हजार जन्मांमागे साधारणतः एक ते तीन बालकांत असतो. समजा, हजारांतील चाळीस बालके अनुत्तीर्ण झाली. त्यांतील तीन खरोखर बहिरी निघाली तरी उरलेल्या सदतीस घरांना विनाकारण धास्ती पडली. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानाच्या नळीत द्रव व चिकटा असल्याने अनुत्तीर्णांची संख्या फुगते; म्हणून एक दिवस थांबणे व पुन्हा तपासणे इष्ट. उलट, उत्तीर्ण झालेले मूल पुढे बहिरे होणारच नाही अशी हमीही नसते. काही आनुवंशिक दोष मागाहून प्रकट होतात, मेंदूज्वरानेही श्रवण जाते.

चाळणीचे खरे मोल पुढे काय घडते यावर ठरते. कोलोरॅडो राज्यातील १५० बालकांचा अभ्यास योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेली ७२ मुले भाषेत उरलेल्या ७८ मुलांहून स्पष्टपणे पुढे होती. श्रवणदोष किती तीव्र, आई किती शिकलेली, घरात वाणी वापरतात की खुणा, यांपैकी कशानेही हा फरक पुसला गेला नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना हा आज सर्वत्र सांगितला जाणारा क्रम याच विचारातून आला. इंग्लंडनेही २००१ ते २००६ या काळात युइंगांची रीत सोडून सर्व नवजातांची यंत्राने तपासणी सुरू केली.

या अभ्यासातील खुणांचा उल्लेख दुर्लक्षिला जातो, आणि तेथेच भाषाशास्त्राला बोलावयाचे आहे. श्रवणयंत्र व कॉक्लिअर इम्प्लांट ही साधने मोलाची आहेत. परंतु त्यांची वाट पाहण्यात गेलेले महिने भाषेविना जाऊ नयेत. मेबेरी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की, बालपणी कोणतीही एक भाषा, मग ती हातांची का असेना, पूर्णपणे लाभलेले बहिरे प्रौढ दुसरी भाषा चांगली शिकतात. तशी न लाभलेले मागे पडतात. सांकेतिक भाषा शिकविल्यास मूल बोलणार नाही, ही अजूनही ऐकू येणारी भीती या पुराव्यापुढे टिकत नाही. अडचण निराळी आहे: बहुसंख्य बहिऱ्या मुलांचे आईबाप ऐकणारे असतात, व त्यांना ती भाषा मुलाबरोबरच शिकावी लागते.

भारतात बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बधिरतेचा समावेश आहे. तथापि यंत्र प्रत्येक प्रसूतिगृही नाही. आणि जेथे आहे तेथे महाराष्ट्रात एक घरगुती वाटणारी अडचण उभी राहते. पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंदवहीत पत्ता माहेरचा लिहिला जातो, आणि फेरतपासणीचे बोलावणे जावयाचे तेव्हा मायलेकरे सासरी, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात, गेलेली असतात. त्यांच्याबरोबर हमखास जाणारा कागद एकच, लसीकरणाचे कार्ड. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लसींसाठी ते काढलेच जाते. चाळणीचा निकाल त्यावर ठळकपणे लिहिला आणि सहाव्या आठवड्याच्या भेटीत परिचारिकेने तो पाहिला, तर निदानासाठी तिसऱ्या महिन्यापर्यंत अद्याप सहा-सात आठवडे हाताशी राहतात.