डायोड बाबा झाला!

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादिकाबाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आजीशी बोलण्यापुरतं. पण ती म्हणाली, "अगं, मेसमध्ये रोज त्या माशांबद्दल जे बोलत असतेस ना, तेच लिही." तर मंडळी, हा लेख माझ्या फायटर माशांच्या पिल्लांबद्दल. रात्री दोन वाजता ही मुलगी टॉर्च घेऊन काय करते, असा प्रश्न ज्यांना ज्यांना पडला होता, त्यांना हे उत्तर.

फायटर मासा मूळचा थायलंडकडचा. भातखाचरं, डबकी, असं उथळ आणि संथ पाणी हे त्याचं घर. 2019 साली थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून त्याला कल्ल्यांशिवाय आणखी एक श्वसनाचा अवयव असतो, लॅबिरिन्थ. त्याच्या मदतीनं तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. म्हणूनच दुकानात तो एवढ्याशा बाटलीतही तग धरतो. तग धरतो म्हणजे मजेत असतो असं मात्र नाही! दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, त्यावरूनच नाव फायटर.

माझा निळा नर म्हणजे डायोड, कारण तो कायम एकाच दिशेनं चकरा मारायचा. लाल मादी म्हणजे एलईडी. (इलेक्ट्रिकलवाल्यांकडून आणखी काय अपेक्षा!)

लग्नाआधी दोघांना दहा-पंधरा दिवस वेगवेगळं ठेवून चांगलं खायला घालायचं असतं. डासांच्या अळ्या म्हणजे त्यांची मेजवानी. टँक माझा 18 बाय 10 इंची, त्यात पाणी फक्त पाच इंच, म्हणजे साधारण 15 लिटर. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं, क्लोरीन उडून जावं म्हणून. लायब्ररीमागच्या देशी बदामाची दोन वाळकी पानं धुऊन टाकली. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, आणि या माशांना ते मानवतं. अर्धा कापलेला थर्माकोलचा कप वर उपडा तरंगत ठेवला, घरट्याला आधार म्हणून.

मग बघण्याचा कार्यक्रम. पाण्याची बाटली दोन्हीकडून कापून टँकमध्ये उभी केली आणि एलईडीला आत ठेवलं. दोघं एकमेकांना बघू शकतात, पण हाणामारी नाही. डायोडनं आधी कल्ले फुगवून शायनिंग मारली आणि मग कामाला लागला. हा मासा हवेचे बुडबुडे तोंडातल्या चिकट द्रवात घोळवून एकेक करून कपाखाली चिकटवतो. सकाळपर्यंत तळहाताएवढं फेसाचं घरटं तयार! एलईडीच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसायला लागला, म्हणजे नवरीचाही होकार. तेव्हा बाटली काढली.

पुढचं दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. घरट्याखाली नर मादीला कवेत घेतो, दोघं क्षणभर निश्चल होतात, आणि साबुदाण्याहूनही बारीक पांढरी अंडी खाली पडायला लागतात. नर लगेच सूर मारतो, एकेक अंडं तोंडात झेलतो आणि घरट्यात नेऊन ठेवतो. पुन्हा मिठी, पुन्हा अंडी. हे दोन-तीन तास चाललं. संपलं की मादीला ताबडतोब बाहेर काढायचं, कारण आता तो तिलाच शत्रू समजतो, आणि तीही अंडी खाऊ शकते. यापुढचं बाळंतपण सगळं बाबांकडे!

शनिवारी दुपारी अंडी घातली होती. सोमवारी माझी ओरल. रविवारी रात्री दोनला नोट्स बाजूला टाकून टॉर्च मारला, तर घरट्यातून बारीक शेपट्या लोंबत होत्या! स्वल्पविरामाएवढी पिल्लं, एक नाही, शंभरच्या वर. एखादं निसटून खाली पडायचं की डायोड झेप घेऊन ते तोंडात धरायचा आणि वर नेऊन चिकटवायचा. मी किंचाळले. पार्टनर दचकून उठली, "काय गं, आग लागली का?" मग तीही पहाटेपर्यंत बघत बसली. ओरल कशी गेली ते विचारू नका.

इथपर्यंत वाचून हे सोपं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण त्या शंभरातलं एकही पिल्लू वाचलं नाही.

चूक माझी होती. पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं. मग ते आडवं पोहायला लागतं. तेव्हा बापाला वेगळं करायचं आणि पिल्लांना खायला द्यायचं. पण काय? मी याचा विचारच केला नव्हता. मेसमधल्या उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून टाकला. पिल्लांनी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण त्यांना हलणारं भक्ष्यच कळतं. बलक तळाशी कुजला, अमोनिया वाढला, आणि 15 लिटर पाणी बिघडायला वेळ लागत नाही. पाचव्या दिवशी सकाळी टँक पांढरट आणि शांत होता. बाबांनी आपलं काम चोख केलं होतं, नापास मी झाले.

दुसऱ्या वेळी मी उलट्या क्रमानं गेले. आधी जेवण, मग लग्न. जुन्या टँकच्या पाण्यात कोबीचं पान टाकून बरणी खिडकीत ठेवली. पाणी गढूळ होतं, वास मारतं (पार्टनर, सॉरी!), आणि काही दिवसांनी टॉर्चच्या उजेडात धुळीसारखे कण हलताना दिसतात. हा इन्फ्युझोरिया, म्हणजे सूक्ष्म जीव. पहिला आठवडा हेच जेवण. मग आर्टेमिया. याची अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे जाडं मीठ, एअर पंपाचे बुडबुडे, आणि दीड दिवसात नारिंगी जीव तयार. ते खाल्लं की पिल्लांची पोटंही नारिंगी दिसतात. जेवली की नाही, ते लगेच कळतं!

दुसरा प्रश्न थंडीचा. पाणी 27-28 डिग्री हवं, आणि डिसेंबरात आपल्या खोल्या कशा गारठतात ते सांगायला नको. मी 25 वॉटचा हीटर लावला. गणित केलं तर 15 लिटर पाणी एक डिग्री तापवायला त्याला 42 मिनिटं लागतात, तेही उष्णता वाया जात नाही असं धरून. म्हणून टँकला तीन बाजूंनी थर्माकोल लावला. वर काचेचं झाकण ठेवलं, कारण लॅबिरिन्थ तयार होतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आणि तेव्हा पृष्ठभागावरची हवाही ऊबदार लागते.

आणि नेमकी तेव्हाच रूम चेकिंग! होस्टेलमध्ये हीटर म्हणजे जप्त. रेक्टर मॅडमनी वायर पाहिली आणि विचारलं, "हे काय गं?" मी घाबरत सगळं सांगितलं. जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते, हेही सांगितलं. त्या वाकल्या, चष्मा वर केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी रीतसर अर्ज दे. आणि ते मधलं छोटं आहे ना, त्याला खायला मिळतंय का बघ." आता त्या आठवड्यातून दोनदा "चेकिंग"ला येतात.

आज पिल्लं तीन महिन्यांची आहेत. एकूण 38, त्यात 17 नर. आणि हाच आता मोठा प्रश्न आहे. नर एकमेकांच्या शेपट्या कुरतडायला लागले की प्रत्येकाला स्वतंत्र घर लागतं. आमच्या खोलीत सध्या 17 बरण्या आहेत, कपाटावर, खिडकीत, जर्नल्सच्या शेजारी. रोज पाणी बदलता बदलता पी.एल. संपेल! "कॉलेजच्या विहिरीत सोडून दे," असं बऱ्याच जणी सांगतात. ते मी करणार नाही. परका मासा आपल्या पाण्यात सोडणं ना त्या पाण्यासाठी बरं, ना त्या माशासाठी.

म्हणून ज्यांना पाळायचंय त्यांनी जरूर यावं. पैसे नकोत. अट एकच, निदान दहा लिटरचं भांडं आणि वर झाकण आधी आणून दाखवायचं, मासा नंतर. सगळं आधी तयार पाहिजे. हे मी शंभर पिल्लं गमावून शिकलेय.