परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची औषधाची चिठ्ठी

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परगावी निघाली म्हणजे आपल्या घरांतून काय काय बरोबर दिले जाते, हे वाचकांस सांगावयास नको. अंथरूण-पांघरूण, फराळाचे डबे, गुणपत्रिकांच्या प्रती, पहिल्या महिन्याच्या खर्चाची रक्कम, सारे यादी करून व ताडून पाहून दिले जाते. परंतु ज्या मुलास दम्याचा फवारा, थायरॉइडची गोळी किंवा इन्सुलिन नित्य लागते, त्याच्या औषधाची व्यवस्था पुढे कशी चालावयाची, हा प्रश्न बहुधा त्या यादीत नसतो. दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत घातल्या की आपले काम झाले असे आपण समजतो. तिसरा महिना उजाडतो, तेव्हा मूल वसतिगृहाच्या खोलीत असते आणि चिठ्ठी घरच्या कपाटात असते.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य औषधविक्रीच्या धंद्यात गेले. दुकान महाविद्यालयांच्या वस्तीत असल्यामुळे गिऱ्हाइकांत विद्यार्थीच अधिक. त्यांपैकी एकाची हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे ह्या विषयावर लिहावेसे का वाटले ते कळेल.

२०२२ सालच्या हिवाळी परीक्षांचे दिवस होते. एका रविवारी संध्याकाळी बेळगावकडील एका व्यापारी घरातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा दुकानात आला. हातात गोळ्यांचे रिकामे पाकीट होते आणि त्याचा नाव छापलेला अर्धा भाग फाटून गेला होता. त्यास लहानपणापासून फिट येण्याचा विकार होता. मात्र औषध नियमित असल्याने कित्येक वर्षांत एकही फिट आली नव्हती. गोळ्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. आमच्याकडे येण्यापूर्वी तो ज्या दुकानात गेला तेथे उरलेल्या अक्षरांवरून अंदाज बांधून एक मिळत्याजुळत्या नावाची गोळी त्याच्यापुढे ठेवण्यात आली होती. ती न घेण्याचे त्यास सुचले, हे त्याचे भाग्य. "काका, उद्या सकाळी पेपर आहे, दोनच गोळ्या द्या," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्या देता येईनात, कारण कोणत्या द्यावयाच्या हेच ठाऊक नव्हते. त्याच्या वडिलांस फोन लावला. त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांस गाठले. डॉक्टरांनी मुलाशी स्वतः बोलून नवी चिठ्ठी लिहिली आणि तारीख, सही व नोंदणी क्रमांकासह तिचे छायाचित्र धाडले. रात्री साडेनऊ वाजता औषध मुलाच्या हाती पडले व सोमवारी त्याने पेपर दिला. फिटवरील औषध एकाएकी बंद पडल्यास दबलेला विकार जोराने उसळतो आणि प्रसंगी जिवावर बेततो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ते तीन तास कसे गेले असतील याची कल्पना येईल.

मुलगा हुशार होता, निष्काळजी नव्हता. त्यास चिठ्ठी म्हणजे काय, हे कोणी शिकविलेच नव्हते.

व्यापारी बंधूंस हे समजावयास हुंडीचे उदाहरण पुरेसे आहे. हुंडीवर मिती, रक्कम, ज्यास द्यावयाची त्याचे नाव आणि लिहिणाराची सही असते. यांपैकी एक जरी नसले तरी पेढी ती सकारीत नाही. एकदा रक्कम चुकती झाली की त्या हुंडीचा खोका होतो, तिच्यावर पुन्हा पैसे मिळत नाहीत. औषधाची चिठ्ठी ही अशीच डॉक्टरने रुग्णाच्या नावे औषधविक्रेत्यावर लिहिलेली हुंडी होय. १९४० च्या औषध कायद्याखालील १९४५ च्या नियमांत तिचे स्वरूप सांगितले आहे. ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, आणि औषधाचे एकूण प्रमाण व घ्यावयाची मात्रा असावी. डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही तिच्यावर असला पाहिजे. कायदा मध्यवर्ती असल्यामुळे बेळगावच्या डॉक्टरची चिठ्ठी पुण्यास आणि इंदूरची वडोदऱ्यास चालते. राज्याची सीमा आड येत नाही.

आता जो नियम विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक अडवितो तो पाहू. चिठ्ठीवरच मिळणारी औषधे एका चिठ्ठीवर एकदाच द्यावयाची असतात. पुन्हा द्यावीत असे डॉक्टरने तिच्यावरच लिहिले असेल तरच, आणि जितक्या वेळा व जितक्या अंतराने लिहिले असेल तितकीच, ती पुन्हा देता येतात. प्रत्येक वेळी विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची असते. यास्तव ज्यास औषध कायम घ्यावयाचे आहे त्याने निघण्यापूर्वीच डॉक्टरांस विनंती करून "दरमहा एक वेळ, सहा महिने" अशा प्रकारचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. चिठ्ठी हरवली तर ओशाळून गप्प बसू नये. हुंडी गहाळ झाली तर पूर्वी पेठ व तीही गेली तर परपेठ लिहीत; तशी डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी मागून घ्यावी. २०२० सालच्या मार्च महिन्यात सरकारने दूरवैद्यकाचे नियम घालून दिल्यापासून, डॉक्टरांनी फोनवर रुग्णास विचारपूस करून सहीच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठविणे रीतसर मानले जाते. मात्र अनुसूची एक्समधील औषधे व अमली द्रव्ये अशा रीतीने लिहून देता येत नाहीत. घरपोच औषध मागविले म्हणूनही चिठ्ठीची आवश्यकता टळत नाही.

औषधाच्या वेष्टनावरील खुणाही विद्यार्थ्याने ओळखावयास शिकाव्यात. डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' असेल तर ते अनुसूची एचमधील, म्हणजे चिठ्ठीवाचून न मिळणारे औषध. तीच अक्षरे तांबडी असतील तर अनुसूची एच-वन. ही अनुसूची २०१४ पासून अमलात असून तीत जहाल प्रतिजैविके, क्षयावरील औषधे व झोपेच्या काही गोळ्या आहेत. ह्या विक्रीची नोंद, डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह, विक्रेत्यास निराळ्या वहीत करावी लागते व ती वही तीन वर्षे जपावी लागते. 'एक्सआरएक्स' ही खूण अनुसूची एक्सची. तिच्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत विक्रेता दोन वर्षे ठेवतो. परीक्षेच्या दिवसांत "लक्ष लागण्यासाठी" म्हणून विद्यार्थ्यांत कुजबुजीने जिचे नाव निघते ती मेथिलफेनिडेटची गोळी ह्याच वर्गातील आहे. तेव्हा दुकानदार नाही म्हणाला तर तो अडवणूक करतो असे समजू नये. तो आपल्या परवान्याचे आणि तुमच्या मेंदूचेही रक्षण करीत असतो.

दुसरी गोष्ट नावाची. प्रत्येक औषधास दोन नावे असतात, एक मूळ द्रव्याचे आणि एक कंपनीने ठेवलेले. घरी आपण कंपनीचे नाव घेतो, परंतु ते दुसऱ्या शहरात मिळेलच असे नाही. चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असता विक्रेत्याने आपल्या मनाने दुसरे देऊ नये, असा नियम आहे. यास्तव मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे; वैद्यक परिषदेच्या २०१६ च्या सुधारित नियमानेही डॉक्टरांस तसेच सांगितले आहे. मूळ नाव हाती असले म्हणजे २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांतूनही तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळू शकते, आणि पैसे मोजून खर्चणाऱ्या विद्यार्थ्यास हा लाभ लहान नाही. फक्त फिटच्या व थायरॉइडच्या औषधांत कंपनी बदलण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, कारण तेथे प्रमाणातील लहानसा फरकही जाणवतो.

चिठ्ठीवरील संक्षिप्त अक्षरे लॅटिनची आहेत, ती कळली की घोटाळा होत नाही. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, ए.सी. जेवणापूर्वी, पी.सी. जेवणानंतर, एच.एस. झोपताना, आणि एस.ओ.एस. म्हणजे गरज भासेल तेव्हाच. कित्येक डॉक्टर १-०-१ असे लिहितात. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

औषध घेतल्यावर पावती अवश्य घ्यावी. तिच्यावरील बॅच क्रमांक पुढे तक्रारीच्या वेळी आणि विम्याची रक्कम मागताना उपयोगी पडतो. सुटी औषधे घेताना कातरलेल्या पाकिटावर नाव व मुदत दिसत नसेल, तर पूर्ण पाकिटाचे छायाचित्र तेथेच काढून घ्यावे. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी, पण गोठू देऊ नये. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने फार उष्ण नसलेल्या जागी सुमारे चार आठवडे टिकतात. वसतिगृहात शीतपेटी नसेल तर अधीक्षकांस प्रवेशाच्या दिवशीच ही गरज सांगावी, लाजू नये.

आपल्या घरांतून आणखी एक अडचण येते, तिचा उल्लेख करणे प्राप्त आहे. उपवास किंवा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या मुलाने ते चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांस सांगावे, म्हणजे मात्रेच्या वेळा त्यानुसार बसविता येतात. मधुमेहावर इन्सुलिन घेणाराने आपल्या मनाने उपवास धरल्यास रक्तातील साखर घातक रीतीने खाली जाऊ शकते. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ते नको असल्यास गोळी वा पातळ औषध मागावे. परंतु कॅप्सूल उघडून आतील पूड घेऊ नये. काही औषधांचे कण जठरातील आम्लापासून वाचावेत म्हणून मुद्दाम लेपलेले असतात, ते उघडून वा चुरडून घेतल्यास औषध वाया जाते.

वसतिगृहातील दोन सवयी मात्र निक्षून टाळावयास हव्यात. पहिली, खोलीतल्या मित्राची गोळी घेणे वा त्यास आपली देणे. दुसरी, मागील आजारातील उरलेली प्रतिजैविके पेटीत साठवून पुढच्या सर्दीत घेणे. साधी सर्दी विषाणूंची असते, प्रतिजैविक तिच्यावर चालत नाही. उलट अशा वापराने जंतू निगरगट्ट होतात व खऱ्या प्रसंगी औषध निकामी ठरते. वेष्टनावरील उभी तांबडी रेघ हीच सूचना देत असते. २०१६ पासून सरकारने त्या रेघेचा प्रचार चालविला आहे.

शेवटी पालकांस विनंती. पाल्य निघण्यापूर्वी एक लहान वही करावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, कशासाठी चालू आहे, कोणत्या औषधाची वावडी आहे आणि डॉक्टरांचा फोन ही लिहावीत. मूळ चिठ्ठी मुलाजवळ व तिचे छायाचित्र दोघांच्याही फोनमध्ये ठेवावे. गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की नव्या आणाव्यात, असा नियमच घालून द्यावा. दुकानात माल संपण्यापूर्वी आपण मागणी नोंदवितो, तसाच हा व्यवहार आहे. नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात, आजारी नसतानाच, विद्यापीठाचे आरोग्य केंद्र व जवळचे एक विश्वासाचे औषधाचे दुकान पाहून ठेवावे. आणि ह्या धंद्यातील माझ्या बंधूंस इतकेच सांगणे की, रविवारी संध्याकाळी रिकामे पाकीट घेऊन आलेल्या मुलास "चिठ्ठी आण" म्हणून परत पाठविणे नियमाचे खरे, पण ती चिठ्ठी कशी आणावी हे त्यास सांगणे, प्रसंगी त्याच्या घरी फोन लावणे, हेही आपल्याच कामात मोडते.