स्टायरीन : कारखाना बंद, माल चालू

फायबरग्लासचा तयार पोहण्याचा तलाव क्रेनने उचलून, घराच्या छपरावरून शेजाऱ्यांच्या परसात उतरताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. असे तलाव जिथे बनतात त्या शेडमध्ये पाऊल टाकताच एक गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. तो स्टायरीनचा.

पॉलिएस्टर रेझिन मुळात फार घट्ट. काचेच्या तंतूंत ते भिनावे म्हणून स्टायरीनमध्ये विरघळवून पातळ करतात. मिश्रणाचा ३५ ते ४० टक्के भाग स्टायरीनच असते. हार्डनर घातला की हेच स्टायरीन रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधते आणि सारे टणक होऊन बसते. होड्या, पाण्याच्या टाक्या, फार काय, काही मंडळांत दरवर्षी पेटीतून बाहेर निघणारा फायबरचा गणपतीही याच कुळातला!

बाजारात मात्र होडीवाल्याला कोणी विचारत नाही. जगातले बहुतेक स्टायरीन फ्रीज, टीव्हीची खोकी, थर्माकोल यांच्या प्लॅस्टिकांत जाते. ते बेंझीन आणि एथिलीनपासून बनते, आणि ही दोन्ही खनिज तेलाची पोरे. त्यामुळे क्वीन्सलँडमधल्या होडीवाल्याच्या पिंपाचा भाव तेल आणि चीनमधला फ्रीजचा खप हे दोघे मिळून ठरवतात. चीन पूर्वी सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. २०१८ मध्ये त्याने कोरिया, तैवान आणि अमेरिकेच्या स्टायरीनवर जादा कर बसवला, स्वतःचे प्रचंड कारखाने उभारले, आणि चार-पाच वर्षांत तोच माल बाहेर विकू लागला.

ऑस्ट्रेलियाचे काय? मेलबर्नच्या वेस्ट फुटस्क्रेमध्ये हंट्समन कंपनी स्टायरीन बनवत असे. २०१० च्या सुरुवातीला ते उत्पादन थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी कुवेतमध्ये साडेचार लाख टनांचा एकच कारखाना सुरू झाला होता. अडीच कोटींहून कमी वस्तीच्या देशाने त्या मापाशी टक्कर कशी द्यावी? पुढे २०२४ मध्ये क्वेनॉस कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि तिचा ॲल्टोनाचा एथिलीनचा कारखानाही थांबला. म्हणजे परतीची वाटही जवळजवळ बुजली.

गरज मात्र थांबली नाही. माल आता जहाजाने येतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. स्टायरीन नुसते ठेवले तरी आपसांत जुळू लागते. जुळताना उष्णता निघते, उष्णतेने जुळणी आणखी वाढते. दुधाला उकळी येते तसेच, फक्त इथे भांडे हजारो टनांचे. म्हणून त्यात टीबीसी नावाचा रोधक चिमूटभर घालतात. तो हळूहळू संपतो, उन्हाळ्यात लवकर संपतो, आणि त्याला काम करायला द्रवात थोडा प्राणवायूही लागतो. कारखान्याच्या शेजारीच खपणारा माल फार काळ पडून राहत नाही. महासागर ओलांडून येणाऱ्याला मात्र टाकीत वाट पाहावीच लागते.

विशाखापट्टणमला एल. जी. पॉलिमर्समध्ये हेच झाले. लॉकडाऊनमध्ये आयात केलेले स्टायरीन टाकीत पडून होते. तापमान मोजले जात होते ते टाकीच्या तळाशी. वरचा थर तापतो आहे हे कोणाला कळले नाही. थंड करणारी यंत्रणा रात्री बंद असे. रोधक कमी पडला. ७ मे २०२० च्या पहाटे वाफ शेजारच्या वस्तीत शिरली आणि बारा माणसे दगावली. भाव, कर, जहाजे यांचा हिशेब ठेवणारे पुष्कळ होते. टाकीच्या वरच्या थराचा नव्हता.

मेलबर्नकरांना हा विषय अगदीच परका नाही. मोठ्या जहाजांतून येणारी द्रव रसायने इथे कूड आयलंडवर साठवतात. २१ ऑगस्ट १९९१ रोजी तिथल्या टाक्यांना आग लागली तेव्हा काळा धूर शहरावर पसरला होता. जुन्या मंडळींना तो आठवत असेल. ती आग स्टायरीनची म्हणून ओळखली जात नाही, पण जागा तीच, यारा आणि मॅरिबिर्नाँग नद्यांच्या संगमाजवळची. टार्नीट, पॉइंट कुककडून वेस्ट गेट पुलावरून शहरात जाताना डाव्या हाताला त्या टाक्या दिसतात.