ड्रॉइंगच्या तासापासून बी.एफ.ए.पर्यंत

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा, चांगली चित्रं काढणारं एखादं तरी पोर हमखास भेटतं. गॅदरिंगचा पडदा, पंधरा ऑगस्टचा फळा, गणपतीची आरास, सगळं त्याच्याकडून करून घेतलं जातं. बारावी झाली की त्याच पोराला बी.ए.ला नाहीतर आयटीआयला घालतात. चित्रकला हा छंद आहे, पोट भरायला दुसरं काहीतरी लागतं, असं घरात धरूनच चाललेलं असतं. चित्रकलेची बी.एफ.ए. ही रीतसर चार वर्षांची पदवी असते, तिला प्रवेश परीक्षा असते, शिष्यवृत्ती असते आणि पुढे कामही असतं, हे वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही. ही वाट नेमकी कशी आहे, ते इथे सांगतो.

तिची सुरुवात शाळेतच होते. कला संचालनालय दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षा घेतं, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. दोन दिवसांत चार पेपर असतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, तर इंटरमिजिएटला वस्तुचित्राऐवजी स्थिरचित्र आणि भूमितीत घनभूमितीची भर. फॉर्म शाळेमार्फत भरायचा असतो, म्हणून ड्रॉइंगच्या सरांना वर्षाच्या सुरुवातीलाच गाठावं. इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. बहुतेक घरांत या परीक्षेची ओळख या गुणांपुरतीच असते. मला ती फार मोलाची वाटते, ती वेगळ्या कारणाने. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत जे विचारतात, त्याचा पाया इथेच पडतो.

बारावीनंतरच्या त्या प्रवेश परीक्षेचं नाव एम.ए.एच.-ए.ए.सी. सीईटी. राज्य सीईटी कक्ष ती घेतो. बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते. विज्ञान शाखेच्या मुलाला अडचण नाही आणि कला शाखेच्या मुलाला वेगळा फायदाही नाही. संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे तीन पेपर कागद-पेन्सिल-रंगांचे आणि चौथा सामान्य ज्ञानाचा, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा. चौथ्या पेपरात कला, कलाकार आणि आजूबाजूच्या दृश्य जगाविषयी विचारतात. त्याची तयारी वाचून होते. उरलेल्या तिन्हींची तयारी हाताने आणि डोळ्याने करावी लागते, आणि आपली मुलं मार्क गमावतात ती तिथेच.

वस्तुचित्रापासून सुरू करू. समोर पाटावर पितळेचा तांब्या ठेवा. तांब्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून मूल ते गोल काढतं. आणि तांब्या जमिनीवर सपाट बसलाय हेही ठाऊक असतं, म्हणून बूड सरळ रेघेने काढतं. दोन्ही चूक. डोळ्याच्या पातळीवर धरलेलं गोल तोंड नुसत्या रेघेसारखं दिसतं. तांब्या जसजसा खाली न्याल, तसतसं ते लंबवर्तुळ उघडत जातं. म्हणजे एकाच तांब्याचं तोंड डोळ्याच्या पातळीला जवळ असतं म्हणून ते अरुंद दिसतं, आणि बूड आणखी खाली असतं म्हणून त्याची कड जास्त वाकलेली दिसते. तांब्याच्या मानेवरचं कडं, पोटाचा घेर, बूड, या सगळ्यांचा बाक वरून खाली क्रमाने वाढत जायला हवा. लंबवर्तुळाची दोन टोकं कधीही टोकदार होत नाहीत, ती वळतातच. एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या तर चित्रातला तांब्या जमिनीवर बसतो. नाहीतर तो हवेत तरंगतो किंवा कलंडलेला दिसतो.

मापासाठी पेन्सिल पुरते. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक तांब्याच्या वरच्या कडेला लावायचं आणि अंगठा खालच्या कडेवर आणायचा. ही झाली उंची. तेवढंच माप रुंदीवर फिरवून बघायचं. हात कोपरात वाकला की माप चुकलं. मग छायाप्रकाश. उजेड डावीकडून येत असेल तर तांब्याची उजवी बाजू गडद, हे सगळे जाणतात. पण अगदी उजव्या कडेला पाहा, तिथे पुन्हा थोडा उजेड दिसेल. पाटावरून आणि मागच्या कापडावरून परावर्तित झालेला तो उजेड असतो. पितळेवर तो ठळक दिसतो, मातीच्या मडक्यावर मंद. कड काळीकुट्ट करून टाकली की वस्तूचा गोलावा जातो. परीक्षकाची नजर आधी त्याच कडेवर जाते, असं समजूनच सराव करावा.

स्मरणचित्रात विषय देतात: आठवडी बाजार, बसस्थानक, यात्रा, शेतातलं काम. बाजारात मिळणाऱ्या गाइडांत या विषयांची तयार चित्रं असतात आणि कित्येक क्लासमध्ये तीच पाठ करून घेतात. हा प्रकार मला मनापासून खटकतो. तेच झाड, तीच टोपलीवाली बाई, तोच फुगेवाला, पन्नास उत्तरपत्रिकांत एकसारखा. ज्या मुलाच्या गावात दर आठवड्याला बाजार भरतो, त्याने दुसऱ्याच्या बाजाराचं चित्र पाठ करायचं कशासाठी?

त्यापेक्षा वही घेऊन बाजारात उभं राहावं आणि एक नियम तपासून पाहावा. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल, तर साधारण तुमच्याच उंचीच्या, उभ्या असलेल्या सगळ्या माणसांचे डोळे चित्रात एकाच आडव्या रेषेवर येतात, मग माणूस जवळचा असो की लांबचा. फरक पडतो तो पावलांत: जवळच्याची पावलं कागदाच्या खाली, लांबच्याची वर. ती रेषा म्हणजे क्षितिजरेषा. भाजी विकायला बसलेली बाई त्या रेषेच्या खाली राहते, ट्रकच्या टपावर चढलेला हमाल वर जातो. आता तुळजापूरला जा. तिथे देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. वरच्या पायरीवर उभं राहिलात की खालच्या गर्दीची डोकी रेषेच्या कितीतरी खाली दिसतात, माणसांचे खांदे आणि पगड्या-पदर वरून दिसतात. नवरात्रातल्या गर्दीचं चित्र काढायचं तर हीच जागा धरावी, कारण ती गाइडात सापडायची नाही.

संकल्पचित्रात दिलेल्या जागेत आकार आणि रंग बसवायचे असतात. रंग कमी वापरावेत, आकारांमधल्या रिकाम्या जागेकडे आकारांइतकंच लक्ष द्यावं, आणि फिका-मध्यम-गडद अशा तीन छटा आधी पेन्सिलीने ठरवून मगच ब्रश उचलावा. याहून जास्त सांगण्यासारखं फारसं नाही; हा पेपर सरावाने सुधारतो.

प्रवेश कुठे घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. शासनाची कला महाविद्यालयं मोजकीच आहेत: मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि सर जे. जे. उपयोजित कला संस्था, नागपूरला एक, आणि आपल्याला जवळचं छत्रपती संभाजीनगरचं. पुणे, कोल्हापूर आणि इतर शहरांत खासगी व अनुदानित महाविद्यालयं आहेत. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथली प्रवेशाची सूचना वेगळी आणि नीट वाचावी. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा आहे. तिच्या चित्रकला विभागाची सुरुवातीची घडण ना. श्री. बेंद्रे या इंदूरच्या मराठी चित्रकाराने केली.

मुंबई लांब वाटते, पण लातूरहून रात्री निघणारी गाडी धाराशिवला थांबते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. जे.जे. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या स्टेशनात पोर उतरतं, त्या १८८८ साली पूर्ण झालेल्या इमारतीच्या कोरीव सजावटीत जे.जे.च्याच विद्यार्थ्यांचा हात आहे. ही संस्था सुरू झाली १८५७ साली, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. जुन्या कामासमोर बसून ते रेघेरेघेने समजून घेणं, हा शिक्षणाचा भाग तेव्हापासून आहे.

पदवीचं पहिलं वर्ष पायाभूत असतं. तिथे सगळ्यांना सगळं थोडं थोडं करावं लागतं: रेखाटन, रंग, त्रिमित रचना, अक्षरांकन, छापचित्र, कलेचा इतिहास. गावाकडून आलेली मुलं या वर्षात थोडी बुजतात, कारण शहरातल्या मुलांकडे महागडे रंग असतात आणि तोंडात पाश्चात्त्य चित्रकारांची नावं असतात. खरं तर या वर्षात कस लागतो तो रोजच्या रेखाटनाचा. वहीत दिवसाला दहा-पंधरा झटपट स्केचेस करणारं पोर सहा महिन्यांत पुढे निघून जातं, आणि त्याला लागते फक्त पेन्सिल.

नंतर शाखा निवडायची. रंगकलेत व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, रचनाचित्र, प्रत्यक्ष मॉडेल समोर बसवून अभ्यास. उपयोजित कलेत जाहिरात, बोधचित्र, छायाचित्रण, अक्षररचना. शासकीय कार्यालयांतल्या संगणकांवर मराठी मजकूर वर्षानुवर्षं ज्या मंगल फाँटमध्ये टाइप होत आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते जे.जे.मध्ये शिकलेले. अक्षरांचं काम कुठवर जातं, ते यावरून कळावं. याशिवाय काही महाविद्यालयांत शिल्पकला, सिरॅमिक, वस्त्रकला, धातुकाम, अंतर्गत सजावट असे विभाग असतात.

शिल्पकलेकडे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी जरा जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं. विभागातलं काम असं चालतं: लोखंडी सळई, तारा आणि लाकडाचा सांगाडा उभा करायचा, त्यावर शाडूची माती चढवत आकार घडवायचा. माती वाळली की तडकते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. काम पूर्ण झालं की त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, तो तुकड्यांत उघडायचा, माती काढून टाकायची आणि आत पुन्हा प्लास्टर किंवा फायबर ओतायचं. साचा एकदाच वापरायचा असेल तर शेवटी छिन्नीने फोडून मूर्ती बाहेर काढतात. पुन्हा वापरायचा असेल तर तो नीट सुटणाऱ्या भागांत करावा लागतो. कोणता भाग कुठे सुटेल, हे आधी डोक्यात बसवण्यातच खरी हुशारी असते.

आता तेरला जाऊन रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या मृण्मूर्ती पाहा. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात दाबायची आणि दोन्ही जोडून मूर्ती करायची, ही पद्धत तेरच्या कारागिरांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अवगत होती. केओलिन या पांढऱ्या मातीतही त्यांनी मूर्ती केल्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगते. गोरोबा काकांच्या या गावात मातीची परंपरा अशी जुनी आहे. जे विद्यार्थी या मूर्तींसमोर बसून, चेहऱ्याची ठेवण, केसांची बांधणी, दागिन्यांची जाडी वहीत उतरवतील, त्यांना साच्याचं तंत्र विभागात शिकताना परकं वाटणार नाही. आणि विद्यार्थिदशेतलं काम किती उंची गाठू शकतं, हे पाहायचं तर गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’ पाहावं. १८९६ साली ते शिल्प केलं तेव्हा म्हात्रे जे.जे.चे विद्यार्थी होते.

चार वर्षांची पदवी झेपणार नसेल, तर पदविकेचीही वाट आहे. फाउंडेशन आणि पुढे जी.डी. आर्ट, किंवा शाळेत चित्रकला शिकवायची असेल तर ए.टी.डी. मराठवाड्यात हे अभ्यासक्रम चालवणाऱ्या खासगी संस्था आहेत. पदविका कमी प्रतीची, असं मुळीच समजू नये. वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडले ते पदविका घेऊनच. मात्र आज एम.एफ.ए. करून महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल, तर पदवीचाच रस्ता धरावा. संस्था निवडताना तिला कला संचालनालयाची मान्यता आहे का, हे कागदावर पाहून घ्यावं. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नये.

पैशांचं म्हणाल तर शासकीय महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते. खर्च जातो तो राहण्या-जेवण्यावर आणि साहित्यावर. महाडीबीटी पोर्टलवर कला संचालनालयाच्या नावाखाली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. मुलं अडतात ती कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तसं नॉन-क्रिमिलेअर सेतू केंद्रातून काढावं लागतं, आणि जात पडताळणीला महिनोन्‌महिने लागू शकतात. निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा पडताळणीचा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत टाकावा, आणि इंटरमिजिएटचं मूळ प्रमाणपत्र दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर त्याच फाइलला लावून ठेवावं.