म्हातारीची दुरुस्ती

उंद्रीच्या शिवारातली काळी माती ज्या खडकाची झाली, त्याचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. चैत्रातल्या अंधाऱ्या रात्री माझ्या सहा इंची दुर्बिणीत एम८७ चा धुरकट ठिपका दिसतो. त्याचा प्रकाश निघाल्याला सुमारे ५.४ कोटी वर्षे झाली. म्हणजे तो निघाला तेव्हा आमचा खडक होताच. हा हिशेब पहिल्यांदा मांडला, तेव्हा वही मिटून मी नुसता बसून राहिलो होतो.

उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला व्हिंडेमिआट्रिक्स यांच्या साधारण मध्यावर हा ठिपका सापडतो. शार्ल मेसिएने तो १७८१ मध्ये नोंदवला. दिसायला वेचणीत सुटलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा; सर्पिल भुजा नाहीत. ही लंबवर्तुळाकार दीर्घिका हजाराहून अधिक दीर्घिकांच्या कन्या समूहात मधोमध बसली आहे आणि लहान शेजारणी गिळत वाढली आहे. तिच्याभोवती बारा हजारांच्या आसपास गोलाकार तारकागुच्छ आहेत. आपल्या आकाशगंगेला दीडशेच्या आसपास.

बरीच वर्षे मी शाळेतल्या मुलांना सांगत आलो, की ही म्हातारी: तारे जुने, लालसर, नवे जन्मत नाहीत, कारण वायू संपला. ते चूक होते. वायू भरपूर आहे, दोन कोटी अंशांच्या आसपास तापलेला. खरा प्रश्न उलटा आहे. क्ष-किरणांवाटे उष्णता गमावणारा हा वायू निवून मध्याकडे कोसळायला हवा, त्यातून तारे व्हायला हवेत. ते का होत नाहीत?

धागा १९१८ मध्येच हाती आला होता. हीबर कर्टिसला गाभ्यातून निघालेली एक सरळ रेघ दिसली होती. तो हजारो प्रकाशवर्षे लांबीचा झोत आहे, आणि त्याच्या मुळाशी ६.५ अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर. त्याच्याच सावलीचे चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे टाकीतल्या बॉलकॉकसारखे चालते: वायू आत पडला की झोत चेततो आणि भोवतालचा वायू तापवतो, पडणे घटले की झोत मंदावतो. उष्णता वायूत नेमकी मुरते कशी, यावर मात्र वाद आहे.

या झोतांनी फुगवलेले रेडिओ फुगे सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षे पसरले आहेत. असले फुगे मीटरभर लांबीच्या लहरींत ठळक उमटतात, आणि खोडदच्या जीएमआरटीच्या तीस अँटेना त्याच लहरी टिपतात. तिथे सहल न्या, म्हणून मी शिक्षकांच्या मागे लागतो. सहल शेगावपुढे जात नाही.

ज्या मुलांना ‘वायू संपला’ म्हणून सांगितले, त्यांतली बरीच आता पुण्या-मुंबईला आहेत. दिवाळीला गावी येतात, तेव्हा एकेकाला गाठून दुरुस्ती सांगतो आहे.